काचेच्या बुडाची होडी

(सोलापूरचा एस.टी. स्टँड, सकाळचे नऊ. माढ्याहून आलेली सोजरबाई आणि तिची नऊ वर्षांची नात अंकिता. अंकिताचा बाप अभिमन्यू अंदमानातल्या एका लहान बेटावरून फोनवर.)

सोजरबाई : आरं, बसली व्हती की गाडीत! बॅग मांडीवर घेतली, हैदराबादची पाटी वाचली. गाडी सुरू झाली अन् पोरगी उतरून पळाली. आता बाकड्याला धरून बसलीया.

अभिमन्यू : साडेदहाला दुसरी गाडी आहे. विमान उद्या सकाळचं, अजून वेळ आहे. तिच्याकडं दे फोन.

अंकिता : हं.

अभिमन्यू : अंकू, बाबा बोलतोय.

अंकिता : म्हाईत हाय.

अभिमन्यू : अगं, काचेच्या बुडाची होडी मीच चालवतो, सांगितलं होतं ना? खाली बघितलं की निळे, पिवळे मासे. पोरं नुसती ओरडतात. तुला पुढं बसवीन, माझ्याशेजारी.

अंकिता : हं.

अभिमन्यू : वाळूत किल्ला करायचा. शंखात राहणारे खेकडे असतात बारकेबारके, त्यांची शर्यत लावायची. पाण्यावर झुकलेल्या झाडाला झोका बांधलाय. पाणी गुडघ्याएवढंच, बारकी पोरंसुद्धा खेळतात.

अंकिता : किती दिवस?

अभिमन्यू : काय किती दिवस?

अंकिता : ऱ्हायचं. तिकिटाचा कागद वाचला मी. आजीचं जायचं-यायचं हाय. माझं नुसतं जायचं हाय.

अभिमन्यू : ...इथं शाळा चांगली आहे, अंकू. मी बोललोय बाईंशी.

अंकिता : मग फिरायला चल म्हणून का सांगितलं?

अभिमन्यू : आधी तुला आवडू दे म्हटलं. मग सांगणार होतो.

अंकिता : आजीला म्हाईत व्हतं?

अभिमन्यू : ...होतं.

अंकिता : आजीला देते फोन.

अभिमन्यू : थांब अंकू. तुझी आई गेली तेव्हा मला काही सुचत नव्हतं, म्हणून मी इतक्या लांब—

सोजरबाई : मीच हाय रं. ती तिकडं माढ्याच्या गाडीपाशी जाऊन उभी ऱ्हायली. माज्याकडं बघंना बी.

अभिमन्यू : तू समजाव, आई. तुझं ऐकते ती.

सोजरबाई : ऐकत व्हती. आजपातूर.

अभिमन्यू : मी येऊ का न्यायला?

सोजरबाई : दोन सालामागं दिवाळीला आलतास की. आठ दिवस हुतास. तुज्यासंगं दुकानापातूर बी आली न्हाय पोरगी. वडून नेशील, पर तितं बोलंल कुणासंगं?

अभिमन्यू : अन् तुझ्यामागं कोण तिला?

सोजरबाई : त्येच्यापायीच तर मी व्हय म्हणले. तिच्याशी खोटं बोलले. आता काय करावं, मला बी कळंना. माढ्याच्या गाडीचा डायवर आला. जातो आमी.

अभिमन्यू : खिडकीपाशी बसव तिला. प्रवासात उलट्या होतात ना.

सोजरबाई : न्हाय रं. लहान असताना व्हायच्या. आता न्हाय व्हत.