टेबलावरची दुसरी टोपी

आदरणीय अध्यक्ष श्री. ऑर्व्हिल क्लेमर, क्रीडा साहाय्य मंडळाचे प्रमुख आणि धान्याच्या गोदामाचे मालक, व्यासपीठावर, म्हणजे चर्चच्या तळघरातल्या या चार करकरणाऱ्या फळ्यांवर, विराजमान झालेले पास्टर टिल्मन, आमच्या शाळेचे कोच बर्डेट, आणि समोर घडीच्या खुर्च्यांवर बसून एक डोळा जेवणाच्या टेबलाकडे लावलेल्या माझ्या गाववाल्यांनो, तुम्हां सर्वांना लोरीन हॅस्पेलचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी आठवीनंतर शाळा सोडून तंबाखूची रोपं लावायला गेले, त्यामुळे पाच मिनिटांत नेमकं किती मावतं याचा मला अंदाज नाही. सांभाळून घ्या.

सत्कारमूर्तीची खुर्ची रिकामी आहे, ते मलाही दिसतंय. माझा नातू थॅड पुडिंगचा दुसरा ट्रे आणायला गाडीकडे गेलाय. मीच पाठवलं. पहिल्या ट्रेचा कोपरा पास्टरांनी प्रार्थनेच्या आधीच गायब केला, म्हणून. नाही म्हणू नका पास्टर, ओठाला लागलंय.

तर मंडळी, एकाच पोरासाठी हा आपला तिसरा समारंभ. पहिला टोपी घालण्याचा, म्हणजे ज्या कॉलेजकडून खेळायचं त्याची टोपी टेबलावरून उचलून सगळ्यांसमोर डोक्यावर ठेवायची. दुसरा निरोपाचा, दोन वर्षांपूर्वी, तेव्हा बँड होता, आगीचा बंब होता, बंबावर थॅडला उभं केलं होतं आणि तो विजेच्या तारांखाली मान वाकवत होता. आज बंब नाही. बँडही नाही. मला वाईट वाटलं नाही. या वयात एकाच माणसाला कितीदा निरोप द्यायचा? हात दुखतो हलवून हलवून.

पण टेबलावर आज पुन्हा एक टोपी आहे. जांभळी. इथून चाळीस मैलांवरच्या कॉलेजची. थॅडनं त्यांना नको म्हणून कळवलंय, मिनेसोटातल्या दूरच्या एका लहान कॉलेजला हो म्हटलंय, सामान गाडीत भरलंय. मग ही टोपी कशाला? सकाळी खुर्च्या मांडताना मी विचारलं. ऑर्व्हिल म्हणाला, "लोरीन, त्यांचा कोच अजून जागा धरून बसलाय गं. पोराला नुसती डोक्यावर ठेवून तर बघू दे."

म्हटलं, "टोपी आहे ऑर्व्हिल, बूट नाहीत, घालून बघायला."

"अगं, तिथं असला तर आपण सगळे शनिवारी मॅच बघून रात्री घरी! मिनेसोटाला कोण जाणार? अस्वलं?"

सगळे हसले. मीही हसले. ऑर्व्हिल लहानपणापासून विनोदी. पण तुम्ही सगळे काय ठरवून आलात ते मला कळतं. माझं संपलं की टाळ्या वाजवायच्या, थॅडला पुढे बोलवायचं, कुणीतरी मागून "घाल! घाल!" सुरू करायचं. तुमच्या मनात वाकडं काही नाही. तुम्हाला तो जवळ हवाय. मला नकोय का? माझी मुलगी टेक्ससला गेली तेव्हा हा सात वर्षांचा होता. तेव्हापासून त्याचे मोजे मी धुतलेत. जहाजाच्या शिडाएवढे मोजे.

घड्याळ काय बघतोस, ऑर्व्हिल? येईल. ट्रे जड आहे.

आता थोडं खेळाबद्दल बोलते, कारण अध्यक्षांनी सांगितलंय, "मुलाच्या प्रगतीचा आढावा घ्या." घेते.

माझ्या नवऱ्यानं, वेंडलनं, तंबाखू वाळवायच्या कोठारात भिंतीला बास्केटबॉलची रिंग ठोकली. बॉल मारणाऱ्याच्या आणि रिंगच्या मधून आडवी तुळई गेली होती, ती वेंडलला दिसली नाही असं नाही. पण रिंग ठोकून झाली होती, आणि वेंडल ठोकलेला खिळा उपटणारा माणूस नव्हता. त्या तुळईमुळे बॉल वर फेकता येत नसे. तुळईच्या खालून, सपाट, दगड मारल्यासारखा मारावा लागे. थॅड तसाच शिकला. दुसरं काही असतं हे त्याला माहीतच नव्हतं.

शाळेत ते खपून गेलं. सोळाव्या वर्षी साडेसहा फूट. रिंगखाली उभा राहायचा, फॉरवर्ड म्हणून, बॉल हातात आला की टाकायचा आत. समोरच्या गावांतली पोरं त्याच्या बगलेपर्यंत यायची. त्याचा तो सपाट बॉल कधीमधी लांबून आत गेला की तुम्ही काय नाचायचात! कौतुक इतकं वाढलं, की कोच बर्डेट यांनी शाळेच्या जिममध्ये या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधली, आणि सगळ्या पोरांना दोरीखालून बॉल मारायला लावलं. हॅस्पेलची पद्धत म्हणे! साहेब, वेंडलची चूक होती ती. तुम्ही तिची शाळा काढलीत. थॅड गेल्याला दोन वर्षं झाली, आपली टीम एक मॅच जिंकत नाही, आणि दोरी अजून तिथंच आहे.

बर्डेटसाहेब, मान खाली घालू नका. तुम्ही पोराला शिस्त लावलीत, डबा विसरला तेव्हा आपला अर्धा दिलात. तेही बोलणार होते, ते आधी बोलायला हवं होतं.

मग मोठ्या विद्यापीठाचा कोच आला. माझ्या स्वयंपाकघरात बसला, तिसऱ्यांदा पुडिंग मागून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, चारही वर्षं मी याच्या पाठीशी असेन." मी म्हटलं, "बाळा, आधी तोंडातलं गिळ." छान बोलायचा. दुसऱ्या वर्षी जास्त पगारावर दुसरीकडे गेला. पोरानं विद्यापीठ बदललं तर आपण म्हणतो, टिकला नाही. कोचनं बदललं तर म्हणतो, प्रगती झाली. असू दे. मला आठवीपर्यंतचंच कळतं.

पण त्या पहिल्या समारंभाची एक गोष्ट तुमच्यापैकी कुणाला ठाऊक नाही. टेबलावर दोन टोप्या होत्या, आठवतंय? लाल, मोठ्या विद्यापीठाची. हिरवी, डोंगरातल्या एका छोट्या कॉलेजची. आदल्या दिवशी कोठारात थॅड मला म्हणाला होता, "आजी, हिरवी. तिथं मला पहिल्या वर्षापासून खेळायला मिळेल." ठरलं होतं. मी त्याच्या शेजारी बसले होते. त्याचा हात हिरव्या टोपीकडे निघाला होता, मी पाहिला. तेवढ्यात तुम्ही ओरडलात, "लाल! लाल!" लहान पोरं, म्हाताऱ्या बायका, बाकावर उभा राहिलेला ऑर्व्हिल. आणि तो हात हवेत थांबला, आणि वळला.

घरी येताना गाडीत विचारलं, "काय रे झालं?"

"एवढे सगळे ओरडत होते गं."

"मग?"

"मग मला नाही म्हणता आलं नाही."

हा पोरगा तसाच आहे. रिंगखाली तीन जण अंगावर आले तरी हलत नाही, पण टाळ्या वाजवणारी चाळीस माणसं समोर आली की विरघळतो. मार सोसतो, प्रेम सोसत नाही. ते त्याच्या आईकडून आलं असेल. माझ्याकडून नाही.

लाल टोपीनं काय दिलं? बाक, मॅचभर बसायला. नवा कोच म्हणाला, "आत खेळायला तू बुटका, बाहेरून मारायला तू आंधळा." साडेसहा फुटांचा माणूस बुटका! पण तिथं आत खेळणारे सगळे दारातून वाकून जाणारे होते, तेव्हा तोही काही खोटं बोलत नव्हता. आणि सपाट बॉलला वरची रिंग फटीएवढी दिसते. लांबून मारला की पुढच्या कडेवर आपटून परत.

त्याचा खोलीतला जोडीदार इब्रा, सेनेगालचा, थॅडहून टीचभर उंच. गेल्या थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आमच्याकडे आला होता. तुमच्यापैकी काहींनी त्याला दुकानात बघून दारं अडवली होती, उंची मोजायला. तो कोठारात शिरला आणि कपाळ आपटलं तुळईवर.

"आजी, तुमचं घर पाहुण्यांना मारतं का?"

"वाकणाऱ्यांना नाही मारत," मी म्हटलं.

तो कपाळ चोळत रिंगकडे बघत राहिला, मग तुळईकडे, आणि मोठ्यानं हसायला लागला. "थॅड! अरे म्हणून होय! तुझा बॉल दार बुटकं असल्यासारखा वाकून जातो!"

तोवर त्याला कुणी हे सांगितलं नव्हतं. परत गेल्यावर इब्रा त्याच्यासमोर झाडू उभा धरून राहायचा, आणि हा झाडूच्या वरून बॉल मारायचा. सगळे झोपायला गेले की. खांदा सुजला. सवय मोडायला शिकण्याहून जास्त वेळ लागला. मॅचमध्ये मात्र बाकच. शेवटी या वसंतात त्यानं विद्यापीठ सोडतो म्हणून कळवलं, आणि दुसऱ्या कुठल्या कॉलेजच्या फोनची वाट बघत माझ्या पायरीवर बसला. फोन काही लवकर वाजला नाही. तुमच्यापैकी बरेच जण त्या दिवसांत पायरीजवळून जाताना दुसरीकडे बघत होतात. मी बघत होते, म्हणून सांगते.

मग दोन फोन आले. जांभळ्या टोपीवाल्यांचा कोच म्हणाला, "आम्हाला रिंगखाली धक्के मारणारा पाहिजे. शाळेत करायचास तेच कर." मिनेसोटाची बाई, हो, कोच बाई आहे, तोंड मिटा, ती म्हणाली, "तू आता बॉल उंच मारतोस असं ऐकलं. ये, दाखव." त्यानं त्याच दिवशी तिला हो म्हटलं. जन्मात पहिल्यांदा कुणी न ओरडता त्यानं काहीतरी ठरवलं.

आता काल काय झालं ते सांगते, मग बसते.

दुपारी मी स्वयंपाकघरात पुडिंगसाठी पर्सिमन फळांचा गोठवून ठेवलेला गर गाळत होते. कोठारातून बॉलचा आवाज येतो तो मला झोपेतही ओळखू येतो. काल आवाज वेगळा. धप्प. थांबून, धप्प. जाऊन बघते तर थॅड लांबून मारतोय आणि प्रत्येक बॉल तुळईवर आपटून खाली. एकही रिंगपर्यंत जात नाही.

"आजी, मला आता इथं मारताच येत नाही."

"मग?"

"तुळई कापू का?"

मी वर बघितलं. वेंडलच्या बापानं घातलेली तुळई आहे. म्हटलं, "ती कापलीस तर छप्पर खाली येईल. छप्पर राहू दे. तू बाहेर जा."

तो बॉल काखेत धरून उभा राहिला. मग म्हणाला, "उद्या टोपी ठेवतील ना गं टेबलावर?"

"ठेवतील."

"सगळे ओरडतील."

"ओरडतील."

  त्याचा हात मला दिसत होता. तोच, हवेत थांबलेला.

तर मंडळी, पाच मिनिटं कधीच संपली. तरी तुम्ही बसून राहिलात, एक माणूस उठला नाही. आभारी आहे. अध्यक्षांनी मला मध्येच थांबवलं नाही, त्यांचे विशेष आभार. त्याची मला फार गरज होती. ज्या बायकांनी हॅम आणि शेंगा करून आणल्या, ज्यांनी खुर्च्या मांडल्या, त्यांचे आभार. खरंच. तुम्ही या पोरावर माया केलीत. जरा कमी केली असतीत तर त्याला पेलली असती, एवढंच.

बोलण्यात कुणाला लागलं असेल तर पोटात घाला. एक गोष्ट मी आज धडधडीत खोटी बोलले, तीही पोटात घाला. दुसरा ट्रे आणायला कुणी गेलेलं नाही. तो ट्रे थॅडच्या शेजारच्या सीटवर आहे, फडक्यात बांधलेला. मी "आदरणीय अध्यक्ष" म्हणाले तेव्हा त्यानं गाडी सुरू केली. एव्हाना नदीचा पूल ओलांडला असेल. आज रात्री शिकागोला इब्राच्या मामाकडे मुक्काम, उद्या पुढे.

बस ऑर्व्हिल, गाठणार नाहीस. तुझा ट्रक मला माहीत आहे. ती टोपी तूच घाल, कापणीचं ऊन येतंय आणि तुला टक्कल पडलंय. बर्डेटसाहेब, सोमवारी ती दोरी सोडा. शिडी मी धरते.

पास्टर, प्रार्थना सांगा. रस्त्यात असलेल्यांसाठी एक वाक्य घाला. मग जेवू.