मागून जेवणारी

(स्वयंपाकघर. रविवारची दुपार. बाहेरच्या खोलीत टेबल मांडलेलं आहे, पाहुणे यायचे आहेत.)

धाकटा : एवढंच? आणि त्या दुसऱ्या पातेल्यात काय आहे?

वहिनी : पाणी.

धाकटा : वहिनी, थट्टेची वेळ आहे का ही? ते लोक आत्ता जिना चढायला लागतील.

वहिनी : थट्टा कसली? झाकण उचलून बघा. हात धुवायला तापवलंय. रस्सा या पातेल्यात, भात त्याच्या शेजारी, पाव टोपलीत. झाला स्वयंपाक.

धाकटा : अगं, नऊ माणसं आहेत! घरातली सहा आणि मुलीकडची तीन. हे चौघांना पुरायचं नाही.

वहिनी : सकाळी तुम्हीच मोजून दिलंत. त्या तुमच्या पत्र्याच्या मापाने, वर बोट फिरवून, एक दाणा जास्त जायला नको म्हणून. मी म्हटलंसुद्धा, भाऊजी, आज तिघं जास्त आहेत. तुम्ही काय म्हणालात?

धाकटा : म्हणालो, नेहमीसारखं भागव.

वहिनी : "तुला जमतं" असंही म्हणालात.

धाकटा : जमतंच की तुला! दादा बांधकामाच्या परांचीवरून पडला, अंथरुणाला खिळला, तेव्हापासून माझ्या एकट्याच्या पगारावर हे घर चाललंय. कुणी कधी अर्धपोटी उठलं? मी स्वतः दोन-दोनदा मागून घ्यायचो. आणि गेला महिनाभर काय भूत शिरलंय तुझ्या अंगात? रोज पाणचट, रोज कमी. मुलं ताट पुसून पुसून खातात, दिसत नाही तुला?

वहिनी : मुलांचं मला सांगू नका. माझ्यातलं त्यांना देते तेव्हा कुठे ती झोपतात.

धाकटा : आणि आधी हे "तुम्ही-तुम्ही" बंद कर. तू या घरात आलीस तेव्हा मी शाळेत होतो. माझं नाक पुसलंस तू.

वहिनी : तेव्हा तू माझा धाकटा दीर होतास. आता तुम्ही स्टोअरकीपर आहात. फॅक्टरीतलं गोडाऊन कमी पडलं म्हणून घरातही गोडाऊन थाटलंत. फडताळाला कुलूप, किल्ली कमरेला. साहेबाला अरे-तुरे कोण करतं?

धाकटा : कुलूप उगाच नाही लावलं. माल जात होता घरातून.

वहिनी : जात होता?

धाकटा : आता तो विषय नको.

वहिनी : का नको? मला आज तोच विषय पाहिजे. काय म्हणालात तुम्ही जिन्यावर? "घरातलं उचलून बहिणीच्या घरी पोचवते." माझ्या हातातली पिशवी हिसकावलीत आणि पायऱ्यांवर उपडी केलीत. वरच्या मजल्यावरचे कठड्यावर ओणवे झाले, खालचे दार उघडून बाहेर आले. हाडं गडगडत खालपर्यंत गेली. कोबीची पानं, पावाचे काठ, सगळं माझ्या पायाशी. आणि तुम्ही म्हणालात, "बघा, चोर घरातच आहे."

धाकटा : तू खाली उतरत होतीस! भरलेली पिशवी घेऊन खाली! मी काय समजायचं?

वहिनी : दारापर्यंत चढून आले होते मी. तेल विसरले म्हणून परत वळले. पिशवी आत ठेवायचं सुचलं नाही, एवढीच माझी चूक. विचारलं असतंत तर सांगितलं असतं. पण तुम्हाला विचारायचं नव्हतं, तुम्हाला पकडायचं होतं.

धाकटा : बरं, झालं. पण ती पानं आणि हाडं होती तरी कुठली?

वहिनी : आज विचारताय? महिन्याने?

धाकटा : सांग ना.

वहिनी : बेकरीचे ट्रे घासून देत होते मी. त्याबद्दल पावाचे कापलेले काठ मिळायचे. खाटकाचे एप्रन शिवून द्यायचे, रफू करून द्यायचे, तो हाडं द्यायचा. बाजार उठताना भाजीवालीची जागा झाडून द्यायची, ती कोबीची वरची पानं आणि मऊ पडलेले बटाटे द्यायची. तुम्ही दोन-दोनदा मागून घेत होतात ना, तो रस्सा त्या पिशवीतला होता. तुमच्या मापातला नव्हता.

धाकटा : मग हे आधी नाही बोलायचं?

वहिनी : बोलले असते तर "आमच्या घरची बाई लोकांची भांडी घासते" म्हणून तुम्हीच आदळआपट केली असती. म्हटलं, पोटात चाललंय ना सगळ्यांच्या, मग गप्प बसलेलं बरं. आणि जिन्यानंतर ठरवलं, आता चोरी बंद. तुम्ही जेवढं मोजून द्याल तेवढंच शिजेल. घ्या, शिजलंय.

धाकटा : म्हणजे महिनाभर तू मुद्दाम...

वहिनी : मुद्दाम. अगदी डोळे उघडे ठेवून.

धाकटा : सूड घेतेस माझ्यावर!

वहिनी : हो. घेतेय. आत्ता लक्षात आलं?

आई : अगं, काय चाललंय तुमचं? तिकडे ते रिक्षातून उतरले, खिडकीतून दिसले मला. माझे मेलीचे गुडघे, धड पळताही येत नाही. झालं का सगळं?

धाकटा : आई, बघ तूच. बघ या पातेल्यात. माझी अब्रू काढायला बसलीय ही. मुलीच्या बापासमोर!

आई : अगं बाई! एवढंसंच? अगं सूनबाई, आजच्या दिवशी तरी...

वहिनी : आई, आजच्याच दिवसाची वाट बघत होते.

धाकटा : हॉटेलातून काही मागवतो.

वहिनी : मागवा की. पण पगार परवा आहे ना? नवे पडदे आणलेत, नवा शर्ट आणलात, कपांचा सेट आणलात. दिखावा मांडून झाला, पोटात घालायचं तेवढं राहिलं.

धाकटा : वहिनी, पाया पडतो तुझ्या. काय पाहिजे तुला? किल्ली पाहिजे? ही घे. कुलूप काढतो. उद्या निवांत बसून माफी मागतो.

वहिनी : उद्या? इथे? आतल्या आत, चुलीपाशी? जिन्यावर माझी इज्जत काढताना सगळी बिल्डिंग हजर होती, आणि माफी मात्र भांड्यांना ऐकवायची होय?

धाकटा : मग काय करू?

वहिनी : समोरच्या काकूंच्या शेगडीवर रश्श्याचं एक पातेलं ठेवलंय मी. काठोकाठ भरलेलं. आठवडाभर बेकरीत दुप्पट ट्रे घासले त्यासाठी. ते आणलं तर नऊ माणसं ढेकर देऊन उठतील.

आई : मग आण ना गं माझे आई! दोन पावलांवर तर दार आहे.

वहिनी : आणते. आधी भाऊजींनी टेबलावर त्या तिघांसमोर सांगायचं. मी वहिनीला चोर म्हणालो, भर जिन्यात पिशवी उपडी केली, आणि ती चोर नव्हती, ती आम्हाला पोसत होती. बस. एवढं बोलले की पातेलं आलं.

धाकटा : वेड लागलंय तुला. पहिल्यांदा घरी येतायत ते. लग्न मोडेल माझं.

वहिनी : का मोडेल? खरं बोलणारा जावई कुणाला नको असतो?

आई : बेल वाजली. अरे, बेल वाजली! जा तू, दार उघड. हसत जा. सूनबाई, तू जरा दमाने घे गं.

धाकटा : बरं. बरं, सांगतो. पण पातेलं लगेच आण.

वहिनी : तुम्ही सांगा. मी ऐकतेय.

आई : गेला एकदाचा. अगं, तोंडचं पाणी पळालं त्याच्या. एवढं ताणू नये माणसाने. पोसतोय तो आपल्याला.

वहिनी : आई, एक विचारू? जिन्यावर मी उभी होते तेव्हा तुम्ही दारात होतात.

आई : होते.

वहिनी : ती पानं रोज माझ्याबरोबर निवडून घ्यायचात तुम्ही. हाडं धुऊन पातेल्यात टाकायचात. तुम्हाला पक्कं ठाऊक होतं ती पिशवी कुठून येते. एक शब्द बोलला नाहीत.

आई : काय बोलणार गं? थोरला आत पडलेला. हा चिडून घर सोडून गेला असता तर? म्हातारपणी मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? घाबरले मी.

वहिनी : आणि मी खाली बसून हाडं वेचत होते, तेव्हा?

आई : तेव्हाही घाबरलेच होते.

वहिनी : माझी बाजू घ्यायला या घरात एकच तोंड होतं, आई. तुमच्या थोरल्याला तर उठून दारापर्यंत येता येत नाही. आतून विचारत राहिले, कसला आवाज, कसला आवाज. तुम्ही त्यांना काय सांगितलंत? भांडं पडलं.

आई : नको गं बोलूस आता. थांब, तो काहीतरी बोलतोय बाहेर. दाराशी जाऊन ऐकते.

वहिनी : ऐका. मला इथे भांड्यांच्या आवाजात नीट ऐकू येत नाही.

आई : सांगतोय हं. जिन्याचंच सांगतोय. "आमच्या वहिनीचा एक किस्सा ऐका" म्हणतोय.

वहिनी : किस्सा?

आई : हाडं गडगडत गेली ते सांगतोय. वरच्या मजल्यावरचा कुत्रा एक हाड घेऊन पळाला म्हणे. मुलीची आई हसतेय. बापही हसतोय.

वहिनी : कुत्रा कुठून आला? या बिल्डिंगमध्ये कुणाकडे कुत्रा आहे?

आई : घातलाय त्याने मधेच. "आमची वहिनी म्हणजे भारी चिकट, कचऱ्यातूनही स्वयंपाक करते" म्हणतोय. आणि... संपलं वाटतं. नोकरीचं बोलायला लागला.

वहिनी : मी चोर नव्हते, हे?

आई : ते काही म्हणाला नाही.

वहिनी : पोसत होते, हे?

आई : नाही गं.

वहिनी : बरं. मग पातेलं काकूंकडेच राहू दे. ताटं घ्या, आई. ही तीन पाहुण्यांची. हे तुमचं. हे भरलेलं माझं.

आई : हे तर रोज त्याचं असतं.

वहिनी : आज माझं. आणि हे त्याचं.

आई : अगं, यात काय आहे? पातेल्याचं खरवडलेलं, करपलेला भात आणि पावाचा काठ. माणसाला वाढायचं का हे?

वहिनी : मी माणूस नाही वाटतं? दोन वर्षं रोज हेच खातेय. सगळे उठले की बसून पातेल्यातलंच खायचं, म्हणून कुणी बघितलं नाही. तुमचा धाकटा म्हणायचा, वहिनीचे गाल कसे वर आलेत, चोरून खात असणार. दवाखान्यातली बाई म्हणाली, ही सूज आहे, पोटात काही जात नाही त्याची सूज. पाय बघा माझे. बोट रुतवलं की खळगा पडतो.

आई : बोलली नाहीस कधी.

वहिनी : आता बोलतेय. उचला ते ताट.

आई : मी? मी नाही बाई. तूच ठेव त्याच्यापुढे, तुझं भांडण आहे.

वहिनी : मी ठेवलं तर तो म्हणेल वहिनी डाव धरते, आणि पुन्हा हशा पिकवेल. तुम्ही ठेवा. जिन्यावर गप्प बसलात ना? आताही गप्प बसा. नुसतं ताट ठेवून या. एवढं तर जमेल.

आई : फार कडू झालीस गं तू.

वहिनी : केलंत मला कडू. जा आई, भात निवतोय.

(आई ताटं घेऊन बाहेर जाते; थोड्या वेळाने परत येते.)

वहिनी : आलात? ठेवलं?

आई : ठेवलं. थोडा भात टेबलावर सांडला.

वहिनी : मग? काय म्हणाला?

आई : ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "माझं पोट जरा बिघडलंय, म्हणून आईने हलकं वाढलंय."

वहिनी : सुटला म्हणजे. मला वाटलंच होतं.

आई : नाही सुटला. ती मुलगी फार चौकस आहे गं. म्हणाली, "पोट बिघडलं तर करपलेलं कोण देतं?" मग विचारलं, "तुमच्या वहिनी कुठे बसणार?" हा म्हणाला, "वहिनी मागून जेवते." तर म्हणते कशी, "मागून म्हणजे कशातलं? सगळं तर ताटांत आलेलं दिसतंय."

वहिनी : काय उत्तर दिलं त्याने?

आई : नुसता शर्टाची बाही ओढत बसला. तिने चमचा खाली ठेवला. मग माझ्याच्याने राहवेना.

वहिनी : म्हणजे?

आई : सांगितलं मी. सगळं. पिशवी कुठली होती, तू कुणाकुणाची भांडी घासत होतीस, कोण काय म्हणालं. आणि मला ठाऊक असून मी दारात उभी राहिले, तेही सांगितलं. कुत्रा नव्हता हेसुद्धा. आतून थोरल्यालाही ऐकू गेलं असेल, मुद्दाम मोठ्याने बोलले.

वहिनी : आई...

आई : मुलीचा बाप भिंतीकडे बघत बसलाय. आईने पर्स मांडीवर घेतलीय. लग्नाचं काय होईल, देव जाणे. हा मान खाली घालून बसलाय. मुलीने एक खुर्ची ओढून आपल्या शेजारी ठेवलीय, म्हणते, त्या येईपर्यंत कुणीही घास घ्यायचा नाही. सगळे थांबलेत तुझ्यासाठी. चल, ऊठ.

वहिनी : येते. आधी काकूंकडचं पातेलं आणते. आत तुमच्या थोरल्याला आणि मुलांना पोटभर वाढते, मग येते.

आई : अगं, तोवर बाहेर सगळं गार होईल.

वहिनी : होऊ दे. मी रोज गारच खाते.