कुंदाचं मशीन वहीत नव्हतं

विश्वास ठेवावा तरी कोणावर, तुम्हीच सांगा! पस्तीस वर्षं जबलपूरच्या ओमतीत शिलाई मशीनं विकून राहिलो, दुरुस्त करून राहिलो, आणि त्या इंटरनेटवर माझ्या दुकानाला तारे किती? पाचातला एक! खाली लिहिलंय, 'मशीन चार महिने पडून, मालक नुसत्या गोष्टी सांगतो.' नाव? 'त्रस्त ग्राहक'! वही काढली, पान न् पान पाहिलं... चार दिवसांवर कोणाचं मशीन थांबलेलं नाही! म्हणजे खोटं! म्हणजे समोरचा सूर्यकांत! गल्लीत मशीनचं दुसरं दुकान आहे कोणाचं? सोडतो का मी त्याला?

तुम्हाला सांगतो, हे वेब म्हणे परदेशात एका शास्त्रज्ञानं काढलं, प्रयोगशाळेतले कागद एकमेकांना सापडावे म्हणून. भला माणूस! त्याला काय ठाऊक, त्यावर जबलपूरचा आठवी पास दुकानदार वैर काढणार! तीन दुपारी बसलो, शिकलो, अकरा खाती उघडली. नावं? नथ्थूकाका, विभावरी आत्या... दोघं केव्हाच वर गेलेले, पण सूर्यकांतला एकेकच तारा! काकांनी तर लिहिलंसुद्धा, 'नवी सुई म्हणून जुनी दिली.' सोडतो का मी!

आठ दिवसांत समोर शुकशुकाट. आणि तोच आला हो माझ्याकडे, पडेल चेहऱ्यानं! 'भैया, पनागर गावच्या बायासुद्धा येईनात. तुम्हाला हे समजते, पाहा ना कोण दुश्मन आहे...' मी आलं घातलेला चहा पाजला. म्हटलं, 'काहून घाबरतोस? शोधू ना!' आतून काय गार वाटलं म्हणता!

घरी बायकोला, कुंदाला, सगळं रंगवून सांगितलं. ती मेथी निवडता निवडता म्हणते, 'तो एक तारा माझा होता.'

'तुझा?'

'मग! दिवाळीपासून माझं मशीन दुकानात पडलंय. विचारलं की नर्मदेच्या तिलवारा घाटावरच्या पुराची गोष्ट काढता. वहीत कुठून दिसणार? घरचं काम तुम्ही लिहिता कधी? म्हटलं, तिथं तरी वाचाल. मी एक दिला, पण खरा दिला. तुमच्या अकराचं काय?'

अकरा पासवर्ड, साहेब... एक आठवेल तर शपथ! ते तारे पुसता येईनात. आता सूर्यकांतला माझ्या खऱ्या नावानं पाच तारे दिले, पनागरच्या बायांना हात धरून समोर पोचवून राहिलो. कुंदाचं मशीनही झालं. पण तिचा तारा? एकच! म्हणते, 'सोडते का मी?'

चलो... एवढं ऐका. वहीचं पहिलं पान घरच्यांसाठी ठेवा, आणि खरं लिहा.