शिशाचा शिक्का, चांदीचा टाक

पैठणच्या गाडीसाठी निशा रांगेत उभी होती. पुढं एक म्हातारं जोडपं. म्हातारीच्या मुठीत हळदीनं पिवळं झालेलं फडकं.

"आण तो बापाचा देव्हाऱ्यातला टाक," म्हातारा म्हणाला. " गोदावरीत सोडू. सोनारानं नवा केलाच हाय."

"आपल्या नातीनं, दिपालीनं, काल प्रदर्शनात तो शिशाचा शिक्का दाखवला, बघितला न्हवं?"

"व्हय. तिकडं परदेशी वाळवंटातल्या मठाचा. पत्राला लावायचे म्हनं."

"हजार वर्षांचा. पत्र कवाच गेलं, शिक्का ऱ्हायला. त्याच्यावरचा संत बी पार झिजलाय. तरी काचंत जपलाय."

"तो शिक्का हाय, देव नाय. देव्हाऱ्यातल्या टाकाला नाक-डोळे पायजेत. चेहरा गेला की पाण्यात सोडायचा, ही आपली रीत."

"सून म्हणून आले तवापासनं चिंचेनं मीच घासला. माझ्याच बोटांनी गेला चेहरा."

"म्हणून तर नवा केला. बाप माझा, मला काय वाटत नसंल?"

"नव्याचं नाक-डोळं लई झाक हायत. पर त्या सोनारानं मामंजींना कुठं बघितलं व्हतं?"

गाडी लागली, रांग हलली.

"चल, चढ."

"तुमी या जाऊन. मी आन मामंजी घरी जातो."

निशानं बाजूला सरून तिला वाट दिली.