पाती का थांबतात

व्हर्लिनकाकांचा क्लच ठणठणीत निघाला. पण आयोवातल्या डार्लाच्या यंत्रदुरुस्तीच्या दुकानात ते रांगेत माझ्यापुढे उभे होते तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मीही विसरतो.

"डार्ला, गवत कापायच्या गाडीचा, पाती फिरवणारा तो विजेचा क्लच बदलून दे. चालता चालता पाती थांबतात. शनिवारी अंगणात नातीचं लग्न आहे आणि अर्धं अंगण जंगल!"

"काका, क्लचला वीज पोचते का?"

"पोचते. मधेच जाते."

"कुठे?"

"रस्त्याच्या बाजूला. घरामागे कधीच नाही."

"रस्त्यावर काय असतं?"

"लोक जातात. मी हात करतो."

"बसून?"

"बसूनच. गाडीत ओपलबाई असली तर उठून. बाईमाणसाला तशी रीत असते."

"अहो, सीटखाली बटण असतं. तुम्ही उठलात की क्लचची वीज तुटते, पाय कापले जाऊ नयेत म्हणून."

"म्हणजे क्लच चांगला?"

"तुमच्यापेक्षा."

"मग शनिवारपर्यंत उरकतंय!"

"ओपललाही बसूनच हात केलात तर."

"छे! लिही कंपनीला. महोदय, श्रीमती ओपल यांचे वाहन जात असताना चालक उभा राहिल्यास आपल्या सीटने त्याची दखल घेऊ नये, ही नम्र विनंती."