सात नंबरची पूजा

न्हाय न्हाय, येवढ्यात कुटं उठता, बसा की आण्णा — हितंच बसा, लिंबाखाली, सावली चांगली हाय. यार्डात आत्ता काय हाय बगायला, समदा पसारा पडलाय, मशीनं धुतल्यात, चिखल झालाय नुसता, पाय घसरंल तुमचा. च्या सांगितलाय, येतोय. मैंदर्गीपास्नं यष्टीत हुबं ऱ्हाऊन आला न्हवं? मग. खंडेनवमीला गर्दी असतीच. आन् तो नारळ मांडीवर धरून कशाला बसलाय, द्या हिकडं, मी ठेवतो — बरं, ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच.

सात नंबर? हाय की. तितं काय, पत्र्याच्या शेडाम्होरं, दिसतंय न्हवं हितनं? झेंडूचा हार घातलाय — माज्या पोरीनं, मुक्तानं वोवलाय, आण्णांच्या मशिनाला म्हनून — हळदकुकू लावलंय, दोनी बाजूला ऊस बांधलाय. पिवळा रंग बी नवा. मीच मारलाय, सोताच्या हातानं. तुमी म्हनाल, फोरमन झालास जोतीराम, आता बुरूस कशाला धरतोस — पन सात नंबर म्हंजे तुमचं डोझर, तितं दुसऱ्याचा हात कसा लागू देऊ. जलम काडला तुमी तेच्यावर. होटगीपास्नं पार अक्कलकोटापतोर शेताशेतात जेवढ्या ताली, बांध हायत त्यातल्या निम्म्या तुमच्या पात्याखालनं निगाल्या. आन् मी तवा कोन हुतो? वळसंगचा जोतीराम, पाने पुसायला ठिवलेला. नट कुटल्या अंगानं पिळायचा हे सुदिक तुमी दावलं मला. तुमच्या घरच्या सावित्रम्मा अव्वाच्या हातची कडक भाकरी आन् शेंगाचटनी, निम्मी तुमी, निम्मी मी, डोझरच्या सावलीत बसून. इसरंन व्हय मी? कशी हायत अव्वा? बरी? बरं हाय.

व्हय, दर वर्साला तुमीच पयलं चालू करनार, ठावं हाय की मला. चेनीखाली लिंबू ठेवायचं, सात नंबर त्याच्यावरनं पुडं काडायचं, मग बाकीच्या मशिनांची पूजा — यार्डाची रीतच हाय ती, रिटायर झाल्यावर बी तुमी चुकला न्हाय. ह्या वर्सी काय झालंय आण्णा — रंग वला हाय. कालच मारलाय, बसायच्या जागंला बी मारलाय, धोतर खराब हुईल तुमचं. न्हाय, गोनपाट टाकता यील, पन डिझेल न्हाय त्यात. डिझेल आनता यील, पन बॅटरी उतरल्या.

बॅटरी. व्हय, बॅटरी कुटली, दोरीचं मशीन ते. बगा, मी बी काय बोलतोय. बारकं पेट्रोलचं इंजिन दोरीनं वडायचं, ते तापलं की त्याच्या जोरावर मोठं डिझेलचं चालू करायचं — तुमीच शिकवलं, आन् मी तुमालाच बॅटरी सांगतोय. च्या आला बगा. घ्या. घ्या की, गार हुतोय.

असं बगू नका आण्णा. कायतरी बोला. तुमी गप बसला की मला बोलावं लागतं, आन् बोलाय लागलो की माजं मलाच कळत न्हाय कुटं निगालो ते. — चालू हुनार न्हाय ते. सात नंबर. इंजिन जाम हाय. कवा म्हंजे, संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रंत. न्हाय, जत्रंत जाम झालं न्हाय, जत्रंत फकस्त — आता कसं सांगू तुमाला.

अकरा नंबर हाय न्हवं, मल्लप्पा चालवतो ते? त्याचं तेल बदलत हुतो मी, मागच्या मार्गशीर्षात. खालचा बूच हातानं बसवला, आता पान्यानं आवळायचा, तवर साहेबांची हाक आली, जोतीराम, हिकडं ये. हाक आली म्हनल्यावर गेलो की. बूच तसाच. मल्लप्पानं मशीन न्हेलं वळसंगच्या शिवारात, दुपारपतोर बूच कुटंतरी ढेकळात आन् तेल समदं मातीत, इंजिन जागंवर जाम. फोरमन हून म्हैना झाला न्हवता मला. तुमी काय सांगत हुता — बूच आवळल्याबिगर हुबं ऱ्हायचं न्हाय, बाप मेल्याची तार आली तरी आदी आवळायचा आन् मग रडायचं. ध्यानात हाय की. समदं ध्यानात हाय, तेच तर दुकनं हाय.

मग जत्रंची सुट्टी लागली. यार्डात चिटपाखरू न्हाय, समदं सोलापूर गड्ड्यावर. सात नंबर तसंच हुबं हुतं, तुमच्या माघारी त्याला धड ऑपरेटर दिलाच न्हाय, पन इंजिन झकास, तुमी ठिवलं तसं. चेनपुली लावली, मी आन् मल्लप्पा दोघंच — तुमचं इंजिन उचललं ते अकरा नंबरात, जाम झालेलं सात नंबरात. वरनं कुनाला काय कळतंय, समदी सारकीच दिसत्यात. मी मनाला म्हनलं, ह्यात कुनाचं काय गेलं? सरकारचंच इंजिन, सरकारच्याच मशिनात गेलं. असं म्हनलं की झोप लागती मानसाला. थोडी लागती.

च्या तसाच ठिवला तुमी. — खरं सांगू का, हे तुमाला सांगायचंच न्हवतं. मी काय ठरवलं हुतं, रंग वला हाय म्हनावं, लांबनं हार दावावा, च्या पाजून यष्टीत बसवून द्यावं. पुडच्या वर्सी पुडचं. तसं बी साहेबांनी सांगूनच ठिवलंय, औंदा त्या म्हाताऱ्याला मशिनाला हात लावू द्यायचा न्हाय म्हनून.

कुटला म्हातारा म्हंजे — असंच आपलं. म्हाताऱ्या मानसांस्नी. एकूनच. काय लागलं-बिगलं तर जबाबदारी कुनाची, असं.

न्हाय. तुमालाच.

साहेब नवं हायत आण्णा, पुन्याकडचं, तुमचं काम बगितलं न्हाय त्यांनी. शिमग्याच्या टायमाला तपासनी केली, सात नंबरचं इंजिन उघडाय लावलं. म्हनले, हे कशानं जाम झालं? मी पाना पुसत ऱ्हायलो. म्हनले, शेवटचा ऑपरेटर कोन? आता तुमचं नाव तर सांगावंच लागतंय, गुरुलिंग म्हनून सांगितलं. तर तेच म्हनले, म्हाताऱ्यानं तेल न बगता हानलं असंल. मी म्हनलो न्हाय आण्णा. देवाशपत, एक शबूद बोललो न्हाय. मान हालली नुसती. अशी. येवढीच. तितं मल्लप्पा हुता, आनकी चारपाच जन हुते, समद्यास्नी ठावं तुमी तेल बगितल्याबिगर मशीन हलवत न्हवता, पन फोरमननं मान हलवल्यावर कोन बोलतंय. तवापास्नं सात नंबर म्हनलं की साहेब म्हनतात, ते म्हाताऱ्यानं जाळलेलं. मी ऐकतो. रोज ऐकतो. लाज वाटती, पन लाज वाटून काय हुतं, दुसऱ्या दिशी परत ऐकतो. ज्या मानसानं पावसात सोताचं घोंगडं इंजिनावर टाकलं आन् आपून भिजत बसला, त्यानं तेल बगितलं न्हाय म्हनं.

थांबा, मल्लप्पानं दोरी वडली वाटतं. मुहूर्ताची येळ झाली. हे बारकं इंजिन — आता तापलं की मोठं घील. घेतलं बगा. आं? कुटं निगाला? आण्णा, बसा की, काय ऐकताय येवढं कान दिऊन? अकरा नंबर हाय ते, काय न्हाय त्यात, मशिनाचा आवाज मशिनासारका —

झाकन.

व्हय. धुराड्यावरचं झाकन. तुमीच तुपाच्या डब्याचा पत्रा कापून केल्तं, पावसाचं पानी आत जाऊ ने म्हनून. इंजिन चालू झालं की टाळ्या पिटल्यागत वाजतंय. धुराड्यासकट उचललं हुतं आमी इंजिन, झाकन काडायचं सुचलंच न्हाय. संक्रांतीपास्नं रोज कानाशी वाजतंय आन् मला ऐकू आलं न्हाय, आन् तुमी च्या सोडून उटला.

आण्णा, सात नंबर हिकडं हाय, हार घातलेलं. त्याच्या म्होरनं चालला तुमी, बगा तरी तिकडं — बरं, नका बगू. हळू चला, चिखल हाय. माजा हात धरा. नका धरू, पन हळू. पलीकडं साहेब हुबं हायत, खुर्च्या मांडल्यात, हितनंच बगितलं तर न्हाय का चालायचं? आण्णा, हात नका लावू, साहेब बगाय लागले.

हसताय व्हय? लई दिसांनी ऐकलं म्हना. तुमी आलाय ते त्याला कळलं की काय, कसं गुमान चालतंय बगा, मल्लप्पाच्या हातात असं कवा चालत न्हाय. — लावा. लावा हात. तुमचंच हाय ते. आन् नारळ बी हितंच फोडा, ह्याच्याच चेनीवर, मी बगतो कोन काय म्हनतंय ते. आज सांगतो मी साहेबांस्नी. आत्ताच सांगतो, हत्यारांचा सन हाय, पान्यांची पूजा करून खोटं बोलायचं म्हंजे काय. बूच मी आवळला न्हाय, आण्णांचा त्यात दोष न्हाय, येवढंच सांगायचं हाय, दोन शबूद तर हायत. तुमी हितंच थांबा. तुमी हलायच्या आत माघारी येतो मी —

जी साहेब? आलो, आलोच. — हा? हा होय. कुणी नाही साहेब. नाही, आपल्याकडचा नाही, पाणी प्यायला आत शिरला होता म्हातारा. हो. हो साहेब, घालवतोच.

— 

यष्टी निगंल आण्णा तुमची. अक्कलकोटची गाडी भरती सनाला, मग हुबं ऱ्हावं लागतं. जावा आता. तसं बगू नका, जावा. मी येतो की मैंदर्गीला, दिवाळीच्या आदी येतो, समदं — हे काय. न्हाय, नारळ मला नका देऊ. आण्णा, नारळ मला नका देऊ.