पिंजऱ्याजवळचा हात

सासरे : बघ, रक्त काढलं मेल्यानं! आता बास झालं. वरच्या मजल्यावरचे मास्तर मागतायत ना हा पोपट? संध्याकाळी नेऊ देत.

सून : आधी बोट नळाखाली धरा, बाबा. दाखवा बघू. खोल नाही लागलेलं.

सासरे : बोटाचं जाऊ दे गं. दुकानात मशीनवर बसलो की हा खांद्यावर, चोचीत टेप. गिऱ्हाईकं कपडे सोडून यालाच बघत बसायची. आणि दवाखान्यातून घरी आलो, तर मालकाचीच ओळख नाही!

सून : ओळख नाही कशी? सकाळी तुमची काठी वाजली की शीळ कोण घालतं?

सासरे : मग चावतो कशाला?

सून : हात कसा घातलात, सांगू? वरून, झपकन. तोही डावा. पिंजरा म्हणजे त्याचं घर. त्यात असा अनोळखी हात घुसला तर काय पायघड्या घालेल?

सासरे : उजवा कुठून आणू? नुसता थरथरतो. सुई सोड, चमचा धरवत नाही.

सून : म्हणून दिवसभर खिशात कोंबून ठेवता तो?

सासरे : तुझं बरं लक्ष असतं! तुला नाही ना चावत तो?

सून : नाही कसा? लग्न होऊन आले तेव्हापासून चावायचा. तुम्ही आजारी पडलात, हे दवाखान्यात तुमच्याजवळ. घरात मी आणि हा हवालदार. दाणे ठेवायला गेले की टोच! एकदा तर खाली बसून रडले.

सासरे : बोलली नाहीस कधी.

सून : तुमचा लाडका तो. काय बोलणार? मग पिंजऱ्याशेजारी खुर्ची टाकून भाजी निवडायला लागले. त्याच्याकडे बघायचं नाही, गजांना हात लावायचा नाही. दार उघडं ठेवायचं आणि आपलं बोलत राहायचं. एक दिवस आपणहून बाहेर आला आणि पालकाच्या जुडीवर ऐटीत उभा.

सासरे : बोलायचीस काय त्याच्याशी?

सून : तुमचंच. आज डोळे उघडले. आज दोन घोट पाणी घेतलं. ह्यांचा फोन आला की सगळं त्याला सांगायचे. दुसरं होतं कोण घरात?

सासरे : मास्तरांना म्हणावं, पोपट द्यायचा नाही. आणि ती खुर्ची कुठंय तुझी?

(बऱ्याच दिवसांनी. पिंजऱ्याचं दार उघडं आहे.)

सून : आज उजवा. काढा खिशातून. इथे टेबलावर ठेवा, पिंजऱ्यापासून लांब. तळव्यावर दाणा.

सासरे : हलतोय गं. घाबरेल तो.

सून : हलू दे. झडप घालत नाही ना, मग झालं. तुम्ही खिडकीबाहेर बघा.

सासरे : आला का?

सून : दारात बसून मान वाकडी करतोय. हं, उतरला टेबलावर.

सासरे : चावला तर?

सून : तर हिसका द्यायचा नाही, ओरडायचं नाही. आपोआप सोडतो.

सासरे : चोच लागली! चोच लागली गं!

सून : चाचपतोय नुसता. पाय टाकण्याआधी बघून घेतो.

सासरे : अगं... चढला. दाणा तसाच ठेवला आणि मनगटावर चढला. पडेल बघ, हात कसा हलतोय.

सून : पडतोय कसला! पाखरू आहे ते, बाबा. फांद्या काय हलत नाहीत?

सासरे : पाय किती गार आहेत याचे.

सून : थांबा, फोन वाजतोय... दुकानातून, हे बोलतायत. कुणाच्या तरी कोटाची बाही चुकलीय, काय करू विचारतायत. देऊ तुमच्याकडे?

सासरे : नंतर करतो म्हणावं. आत्ता हात गुंतलाय माझा.